बर्फाविना पेंग्विन

वर्गात मुलांना पेंग्विनचे चित्र काढायला सांगून पाहा. बहुतेक वह्यांमध्ये सगळीकडे बर्फ आणि मधोमध काळा-पांढरा पक्षी असेल. एखाद्या वहीत शेजारी पांढरे अस्वलही उभे असेल. हे अस्वल तर लगेच खोडावे लागेल. ध्रुवीय अस्वले राहतात उत्तर ध्रुवाकडे आणि पेंग्विन दक्षिण गोलार्धात. निसर्गात त्यांची गाठ कधीच पडत नाही. पण बर्फाचे काय? तोही खोडायचा का?

पेंग्विनच्या साधारण १८ जाती मानल्या जातात. त्यांपैकी अंटार्क्टिकाच्या बर्फाशी पुरेपूर जखडलेल्या जाती दोनच, सम्राट पेंग्विन आणि ॲडेली पेंग्विन. बाकीच्या बऱ्याचशा जाती बेटांवर, खडकाळ किनाऱ्यांवर, गवतात, इतकेच काय झाडाझुडपांतही राहतात. गॅलापागोस पेंग्विन तर थेट विषुववृत्तावर राहतो. मुंबईला भायखळ्याच्या वीर जिजामाता उद्यानात २०१६ साली दक्षिण कोरियातील सोलहून जे पेंग्विन आणले, ते हंबोल्ट जातीचे आहेत. त्यांचे मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. या किनाऱ्याच्या मोठ्या भागाला लागून आहे जगातले एक अतिशय कोरडे वाळवंट!

म्हणजे पेंग्विन म्हटला की बर्फ हवाच असे नाही. मग त्याला लागते तरी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपण हंबोल्ट पेंग्विनचा एक जवळचा नातेवाईक निवडू या, आफ्रिकी पेंग्विन. त्याची निवड करण्याला एक कारण आहे. या पक्ष्याला जगायला जे जे लागते, ते गेल्या पावणेदोनशे वर्षांत माणसाने एकेक करून काढून घेतले. प्रत्येक गोष्ट गेल्यावर तिची किंमत कळत गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये या जातीची नोंद 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात झाली. त्यापुढची पायरी म्हणजे निसर्गातून नामशेष होणे. पेंग्विनच्या सर्व जातींमध्ये या वर्गात जाऊन पोहोचलेली ही पहिली जात.

वाळवंटाशेजारचा थंड समुद्र

नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका या दोन देशांच्या किनाऱ्यावर आणि जवळच्या बेटांवर आफ्रिकी पेंग्विन वीण घालतो. आफ्रिका खंडात वीण घालणारा हा एकमेव पेंग्विन. उन्हाळ्यात इथे जमिनीवरचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पण समुद्रात पाय घाला, पाणी गारेगार असते. असे का?

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह वाहतो. किनाऱ्याला समांतर वाहणारा दक्षिणेचा वारा समुद्राचे वरचे पाणी ढकलत असतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे दक्षिण गोलार्धात हे पाणी डावीकडे, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर, वळते. त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते. तळाकडे साठलेले नायट्रेट, फॉस्फेट असे क्षार ते सोबत घेऊन येते. सूर्यप्रकाश आणि क्षार एकत्र आले की वनस्पती-प्लवकांचे पीक फोफावते. त्यावर प्राणी-प्लवक आणि या दोहोंवर लहान माशांचे प्रचंड थवे. त्यांत मुख्य दोन, सार्डिन आणि अँचोव्ही. सार्डिन आपल्या तारलीच्या नात्यातला आणि अँचोव्ही आपल्या मांदेलीच्या.

पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरही याच पद्धतीने थंड पाणी वर येते. गॅलापागोस बेटांनाही थंड प्रवाह येऊन मिळतो. म्हणजे पेंग्विनला हवा असतो तो थंड आणि माशांनी भरलेला समुद्र. असा समुद्र अंटार्क्टिकाभोवती आहे म्हणून तिथे पेंग्विन आहेत. आणि आफ्रिकेच्या वाळवंटाशेजारी आहे म्हणून तिथेही आहेत.

पाण्यासाठी घडलेले शरीर

आफ्रिकी पेंग्विन उभा राहिला की साधारण आपल्या गुडघ्याच्या थोडा वर येतो. वजन सुमारे ३ किलो. आवाज हुबेहूब गाढवाच्या ओरडण्यासारखा. छातीवर काळे ठिपके असतात आणि कोणत्याही दोन पक्ष्यांच्या ठिपक्यांची मांडणी सारखी नसते. आपल्या बोटांच्या ठशांसारखेच म्हणा ना!

उडणाऱ्या पक्ष्यांची हाडे पोकळ आणि हलकी असतात. पेंग्विनची हाडे भरीव असतात, त्यामुळे बुडी मारणे सोपे जाते. पंखांची वल्ही झाली आहेत. पाठ काळी असल्यामुळे वरून पाहणाऱ्याला तो खोल पाण्याच्या अंधारात मिसळून जातो. पोट पांढरे असल्यामुळे खालून पाहणाऱ्याला उजळ पृष्ठभागापासून वेगळा दिसत नाही. समुद्राचे खारे पाणी पोटात गेले तरी डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात.

आता गंमत पाहा. थंड पाण्यात ऊब टिकवायला दाट पिसांचा कोट हवा. पण हाच पक्षी बाहेर येऊन तापलेल्या खडकावर बसतो तेव्हा त्याच कोटात उकडून निघतो. यावर त्याच्याकडे एक उपाय आहे. डोळ्यांच्या वर कातडीचा एक गुलाबी, बिनपिसांचा पट्टा असतो. अंग तापले की तिथे जास्त रक्त पाठवले जाते आणि उष्णता बाहेर टाकली जाते. त्या वेळी हा पट्टा अधिकच गुलाबी दिसतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. पिसे झिजतात, ती बदलावी लागतात. कावळा-चिमणीची पिसे थोडी थोडी झडतात, म्हणून त्यांचे उडणे थांबत नाही. पेंग्विनला हे परवडणारे नाही. कोटाला एका जागी भोक पडले तरी थंड पाणी अंगाला भिडणार. म्हणून तो वर्षातून एकदा सगळी पिसे एकदमच बदलतो. या कामाला सुमारे ३ आठवडे लागतात. तेवढे दिवस त्याला पाण्यात जाता येत नाही, म्हणजे काही खाता येत नाही. या उपवासात त्याचे वजन जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून त्याआधीचे काही आठवडे समुद्रात भरपूर खाऊन त्याला चरबी साठवावी लागते. उपवास संपल्यावरही लगेच मासे मिळावे लागतात. यांतले एक जरी चुकले तर धडधाकट पक्षीही उपासमारीने मरतो. ही गोष्ट लक्षात ठेवू या, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आधी घर गेले

पेंग्विनची मादी साधारणपणे २ अंडी घालते. नर आणि मादी आळीपाळीने सुमारे ४० दिवस ती उबवतात. ही अंडी आणि नंतरची पिल्ले ऊन आणि कुरव यांपासून वाचवायला हवीत. बेटांवर त्यासाठी एक उत्तम साधन तयार होते, ते म्हणजे पक्ष्यांची विष्ठा. पाऊस कमी असल्यामुळे समुद्रपक्ष्यांची विष्ठा वाहून न जाता शतकानुशतके थरावर थर साठत गेली होती. तिला ग्वानो म्हणतात. या थरात पेंग्विन बिळे खणत. बिळात सावली, गारवा आणि सुरक्षितता मिळे.

पण याच ग्वानोमध्ये नायट्रोजन आणि फॉस्फरस भरपूर असतात. रासायनिक खते निघण्यापूर्वी युरोपातल्या शेतीला हे खत सोन्याच्या मोलाचे होते. पेरूहून ते जहाजे भरभरून जाई. मग व्यापाऱ्यांची नजर आफ्रिकेकडे वळली. नामिबियाच्या किनाऱ्याजवळ इचाबो नावाचे एक चिमुकले बेट आहे. त्यावर सुमारे ७ मीटर उंचीचा ग्वानोचा थर होता. १८४३ ते १८४५ या अवघ्या दोन-तीन वर्षांत शेकडो जहाजांनी हे बेट खडकापर्यंत खरवडून नेले. पुढे इतर बेटांचीही तीच गत झाली.

बेट जागच्या जागी राहिले, समुद्र राहिला, पक्षीही राहिले. फक्त खणायला माती उरली नाही. तेव्हापासून अनेक ठिकाणी पेंग्विन उघड्यावर किंवा झुडपाखाली अंडी घालतात. फार उकाडा झाला तर उबवणाऱ्या पक्ष्याला पाण्याकडे जावेच लागते आणि मागे कुरव अंडी पळवतात. मोठा पाऊस आला तर घरट्यात पाणी शिरते. शेजारच्या वाडग्यातले शेण कोणी उचलून नेले तर आपण त्याला चोरी म्हणू, घर पाडणे म्हणणार नाही. इथे मात्र दोन्ही एकच होते.

मग अंडी गेली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केपटाऊनच्या उत्तरेला असलेल्या एकट्या डासेन बेटावर दहा लाखांहून अधिक पेंग्विन असावेत असा अंदाज आहे. त्यांची अंडी खाण्यासाठी गोळा केली जात. १९०० ते १९३० या काळात या किनाऱ्यावरच्या वसाहतींमधून सुमारे १ कोटी ३० लाख अंडी उचलली गेली. ही अंडी गोळा करणे १९६० नंतरच्या दशकात थांबले.

१९५६ मध्ये या पक्ष्यांची पहिली पूर्ण मोजणी झाली. तेव्हा वीण घालणाऱ्या जोड्या दीड लाखाच्या आसपास भरल्या. मोजणी सुरू झाली तेव्हाच आपण उताराच्या मध्यावर होतो, हे विसरता कामा नये.

तेलाचा डाग

केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणारा सागरी मार्ग जगातल्या गजबजलेल्या मार्गांपैकी एक. तिथे अपघात झाला की तेल सांडते. तेलाने पिसे एकमेकांना चिकटतात, मधली हवा निघून जाते आणि थंड पाणी थेट कातडीला लागते. पिसे साफ करताना तेल पोटात जाते ते वेगळेच.

२३ जून २००० रोजी 'ट्रेझर' नावाचे मालवाहू जहाज नेमके डासेन आणि रॉबेन या दोन बेटांच्या मध्ये बुडाले. रॉबेन म्हणजे नेल्सन मंडेलांना जिथे कैदेत ठेवले होते तेच बेट. सुमारे १९ हजार पेंग्विन तेलाने माखले. १९६८ साली स्थापन झालेल्या सॅनकॉब या संस्थेने जगभरातून आलेल्या हजारो स्वयंसेवकांच्या मदतीने एकेक पक्षी धुतला, त्याला हाताने मासे भरवले. पण जे आणखी १९,५०० पेंग्विन अजून स्वच्छ होते त्यांचे काय? ते उद्या त्याच पाण्यात उतरणार होते.

तेव्हा एक नामी युक्ती काढली गेली. या पक्ष्यांना पकडून ट्रकमधून ८०० किलोमीटरहून अधिक दूर, पोर्ट एलिझाबेथजवळच्या समुद्रात नेऊन सोडण्यात आले. पेंग्विन आपल्या घरी परत येणारच याची खात्री होती. ते पोहत पोहत येईपर्यंत इकडे समुद्र साफ करायला वेळ मिळणार होता. पीटर, पॅमेला आणि पर्सी अशी नावे दिलेल्या तीन पेंग्विनांवर उपग्रहाशी संपर्क ठेवणारी यंत्रे बसवली होती. त्यांचा परतीचा प्रवास जगभरच्या लोकांनी इंटरनेटवर पाहिला. पीटर जुलैमध्ये रॉबेन बेटावर परतला. तेल लागलेल्या पक्ष्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक पक्षी बरे होऊन पुन्हा समुद्रात गेले.

पक्षी वाचवण्याच्या इतिहासात हे काम मोलाचे आहे. ते वाचताना आमचाही ऊर भरून आला. पण याच गोष्टीचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही.

शेवटी ताटातला मासा

एवढ्या कष्टाने वाचवलेले पक्षी ज्या डासेन आणि रॉबेन बेटांवर परतले, तिथेच पुढच्या काही वर्षांत त्यांचा फडशा पडला. तेलाने नव्हे, उपासमारीने. २००४ ते २०११ या काळात पश्चिम किनाऱ्यावर सार्डिनचा साठा त्याच्या कमाल पातळीच्या पावपटीखाली होता. २००४ मध्ये या दोन बेटांवर वीण घातलेल्या पेंग्विनांपैकी सुमारे ९५ टक्के पुढच्या आठ वर्षांत मेले असावेत, असा निष्कर्ष २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निघाला. आता तो तीन आठवड्यांचा उपवास आठवा. आधी चरबी साठवता आली नाही आणि नंतर मासा मिळाला नाही, तर पक्षी मरणारच.

मासे कुठे गेले? एक म्हणजे तापमान, क्षारता यांत बदल होऊन सार्डिन आणि अँचोव्हीची अंडी घालण्याची जागा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकली. मासे सरकू शकतात. पण पेंग्विन एकदा जिथे वीण घालू लागला तिथेच परत येतो. पिल्ले असताना तर तो घरट्यापासून साधारण २० ते ४० किलोमीटरच्या आतच मासे शोधू शकतो. दुसरे कारण मासेमारी. पर्ससीन हे जाळे कोकणातल्या वाचकांना नवे नाही. थव्याभोवती जाळ्याचा वेढा घालून खालून तोंड आवळायचे की अख्खा थवा हाती लागतो. मासे पूर्वेला सरकल्यावरही पश्चिमेकडे जाळी पडतच राहिली आणि उरलेल्या माशांवरचा ताण वाढला. यांतले सार्डिन डब्यात भरले जातात. अँचोव्हीचे मुख्यतः पीठ होते आणि ते कोंबड्यांच्या व पाळीव माशांच्या खाद्यात जाते.

नामिबियात हे आधीच घडले होते. तिथला सार्डिनचा साठा १९७० च्या दशकात ढासळला तो पुन्हा पूर्ववत झालाच नाही. त्यातून एक विचित्र सापळा तयार झाला आहे. घरटे सोडून पहिल्यांदा समुद्रात उतरलेल्या पेंग्विनच्या पिल्लांना मासे कुठे आहेत ते कोणी शिकवत नाही. थंड आणि प्लवकांनी भरलेले पाणी ही त्यांची खूण. हजारो वर्षे ही खूण बरोबर ठरत आली. ती आजही त्यांना नामिबियाकडे नेते. पाणी तेच, प्लवक तेच, मासे मात्र नाहीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहाच्या मदतीने हे दाखवून देण्यात आले.

२०२३ पर्यंत जगातल्या आफ्रिकी पेंग्विनच्या जोड्या १० हजारांच्या खाली आल्या होत्या.

समुद्रात कुंपण

बेटे राखीव झाली, अंडी उचलणे थांबले, कृत्रिम घरटी बसवली, तेल लागलेले पक्षी धुतले. हे सगळे जमिनीवरचे काम. ते आवश्यकच होते. पण पेंग्विनचे अर्धे घर समुद्रात आहे आणि तिथे कुंपण नव्हते.

२००८ पासून दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग झाला. काही बेटांभोवती २० किलोमीटरपर्यंत सार्डिन-अँचोव्हीची मासेमारी काही वर्षे बंद, काही वर्षे चालू अशी आलटून पालटून ठेवली आणि पिल्लांची वाढ मोजली. बंदीचा फायदा होतो, पण तो मर्यादित आहे असे दिसले. मग वाद सुरू झाला. एवढ्याशा फायद्यासाठी आमच्या बोटींनी दूर का जावे, कामगारांच्या रोजगाराचे काय, असे मासेमारी व्यावसायिकांचे म्हणणे. जी जात दरवर्षी कमी होते आहे तिच्यासाठी लहान फायदाही मोलाचा, असे पक्षीतज्ज्ञांचे म्हणणे. शासनाने आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांची समिती नेमून २०२३ मध्ये तिचे मत घेतले. तरी बंदीच्या सीमा अपुऱ्याच ठेवल्या गेल्या, असे म्हणत बर्डलाइफ साउथ आफ्रिका आणि सॅनकॉब यांनी २०२४ मध्ये न्यायालयात धाव घेतली. मार्च २०२५ मध्ये समझोता झाला. मासेमारी संघटनाही त्यात सामील झाल्या. डासेन, रॉबेन, स्टोनी पॉइंट, डायर, सेंट क्रॉय आणि बर्ड या सहा वसाहतींभोवतीच्या ठरावीक समुद्रात १० वर्षे सार्डिन-अँचोव्हीची मासेमारी बंद राहील असा आदेश निघाला.

यावर सगळे अवलंबून आहे असे नाही. मासे जिथे सरकले आहेत तिकडे नवी वसाहत वसवण्याचाही प्रयत्न चालू आहे. डे हूप नावाच्या ठिकाणी रानमांजरे, बिबटे आत येऊ नयेत म्हणून कुंपण घातले, पेंग्विनच्या प्रतिकृती उभ्या केल्या आणि त्यांच्या हाका ध्वनिवर्धकावरून ऐकवल्या. २०२२ मध्ये तिथे पेंग्विनांनी वीण घातली. पण मासाच नसेल तर कुठलेही घर रिकामेच राहणार.

वर्गात करून पाहण्यासारखे

केपटाऊनजवळ बोल्डर्स नावाचा समुद्रकिनारा आहे. १९८० च्या दशकात पेंग्विन तिथे स्वतःहून राहायला आले. आज हजारो पर्यटक तिथे येतात आणि सगळीकडे पेंग्विनच पेंग्विन पाहून जातात. हे पक्षी संपत आले आहेत यावर त्यांचा विश्वास बसणे कठीणच. हे कोडे गणिताने उलगडता येते.

फळ्यावर १००० हा आकडा लिहा. दरवर्षी त्यातून ४ टक्के वजा करायला सांगा. १००० चे ९६०, मग सुमारे ९२२, मग ८८५. शंभरातले चार कमी झाले तर डोळ्यांना कळतही नाही. पण १७ व्या वर्षी मुलांच्या हाती निम्मेच उरतील आणि ६७ व्या वर्षी जेमतेम ६५. १९५६ ते २०२३ ही ६७ वर्षेच आहेत आणि दीड लाखाचे दहा हजार होणे म्हणजे सरासरी दरवर्षी ४ टक्क्यांची घटच. अलीकडच्या वर्षांतला वेग तर याहून जास्त आहे.

दुसरा प्रयोग पिसाचा. कोंबडीचे किंवा कबुतराचे स्वच्छ पीस घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. तो घरंगळून जातो. आता पिसाला थोडे खाद्यतेल चोळा आणि पुन्हा थेंब टाका. मग साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून तिसऱ्यांदा पाहा. पीस स्वच्छ झाले तरी पहिल्यासारखे झाले का? धुतलेला पेंग्विन लगेच समुद्रात का सोडत नाहीत, हे मुले स्वतःच सांगतील. पिसे चोचीने पुन्हा नीट लावून त्याचा कोट जलरोधक व्हावा लागतो.

शेवटी तो समझोत्याचा प्रश्न मुलांपुढे ठेवा. वर्गाचे तीन गट करा: बोटीवरचे कामगार, पक्षीतज्ज्ञ आणि निर्णय घेणारे अधिकारी. बेटाभोवतीचा किती समुद्र बंद ठेवायचा ते त्यांना ठरवू द्या. निर्णय कोणता होतो यापेक्षा कोणत्या माहितीच्या आधारे होतो याकडे लक्ष द्यावे, असे आम्हांला वाटते.

आणि हो, हे सगळे झाल्यावर मुलांना पेंग्विनचे चित्र पुन्हा एकदा काढायला सांगा. कोणी खडक काढील, कोणी बीळ, कोणी झुडूप. पण चित्रात मासा आहे की नाही, ते आवर्जून पाहा.